वाचकांचे प्रश्न : नॅनोतंत्रज्ञानाचे संदर्भ विद्यापीठाच्या ग्रंथालयात कसे शोधावेत?

प्रश्न : मी पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात आहे. पाणी शुद्ध करणाऱ्या गाळणीत चांदीच्या नॅनोकणांचा वापर, असा विषय मार्गदर्शकांनी सुचवला आहे. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ‘नॅनोटेक्नॉलॉजी’ हा शब्द टाकला, तेव्हा इतक्या नोंदी आल्या की त्या चाळणेही अशक्य वाटले. प्रत्यक्ष ग्रंथालयात गेले, तर एका कपाटात थोडीच पुस्तके दिसली आणि त्यांतली बहुतेक इलेक्ट्रॉनिक्सची निघाली. सुरुवात कोठून करावी? – एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर : तुमच्या अडचणीचे मूळ तुमच्या शोधण्यात कमी आणि विषयाच्या स्वभावात अधिक आहे. ग्रंथालयाला प्रत्येक पुस्तक कपाटात कोठेतरी एकाच ठिकाणी ठेवावे लागते, आणि नॅनोतंत्रज्ञान तर रसायन, भौतिकी, जीवशास्त्र, वैद्यक आणि अभियांत्रिकी या साऱ्यांत विखुरलेले आहे. ड्यूई दशांश वर्गीकरणात त्याला ६२०.५ हा वर्गांक दिलेला आहे आणि तुम्ही पाहिलेले कपाट बहुधा तेच असावे. परंतु तुमच्या कामाची कलिल (कोलॉइड, म्हणजे द्रवात विखरून राहिलेले अतिसूक्ष्म कण) रसायनाची पुस्तके ५४१.३४५ या वर्गांकाखाली, जलशुद्धीकरणाची ६२८.१ च्या आसपास आणि जीवाणूंची ५७९.३ खाली असतात. तुमचे ग्रंथालय लायब्ररी ऑफ काँग्रेसचे वर्गीकरण वापरत असेल, तर हे क्रमांक वेगळे असतील, पण विखुरलेपण तेवढेच असेल. म्हणून कपाटांपाशी जाण्याआधी ग्रंथतालिकेत एखादे खरोखर उपयोगी पुस्तक शोधावे, त्याची पूर्ण नोंद उघडावी आणि तालिकाकाराने त्याला दिलेली विषयशीर्षके उतरवून घ्यावीत. ‘नॅनोस्ट्रक्चर्ड मटेरिअल्स’, ‘नॅनोपार्टिकल्स’, ‘वॉटर – प्युरिफिकेशन’ अशी ती शीर्षके असतील. त्यांच्यावर क्लिक केल्यावर निरनिराळ्या कपाटांतली पुस्तके एका यादीत येतात.

आता मुख्य मुद्दा. ‘नॅनोटेक्नॉलॉजी’ हा शब्द या विषयाचे साहित्य शोधण्यासाठी सर्वांत दुबळा शब्द आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. चांदीच्या कणांवर प्रयोग करणारा रसायनशास्त्रज्ञ आपल्या निबंधात हा शब्द एकदाही न वापरता सगळे काही सांगू शकतो. शिवाय विषय जुना आहे आणि शब्द नवा. रिचर्ड फाइनमन यांनी २९ डिसेंबर १९५९ रोजी दिलेले जे व्याख्यान या विषयाचा आरंभ म्हणून सांगितले जाते, त्यात हा शब्द नाही. तो नोरिओ तानिगुची यांनी १९७४ मध्ये वापरला. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा लाल द्रव अभ्यासला होता. तुमच्या विषयाच्या अगदी जवळचे उदाहरण म्हणजे कॅरी ली यांनी १८८९ मध्ये सायट्रेटच्या साह्याने केलेले चांदीचे कलिल. त्या काळाच्या भाषेत ही ‘कलिल चांदी’ होती; आज तिला आपण नॅनोकण म्हणू. क्वांटम डॉटच्या, म्हणजे अर्धवाहकाच्या नॅनोकणांच्या, शोधासाठी २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, पण त्या पुरस्कारामागच्या कामांपैकी अलेक्सेई एकिमोव्ह यांच्या १९८१ च्या निबंधाचे शीर्षक सूक्ष्म अर्धवाहक स्फटिकांविषयी बोलते. केवळ आजचे शब्द घेऊन शोधणाऱ्याला ही जुनी कामे दिसत नाहीत, आणि मग आधीच झालेले काम नव्याने करण्यात वर्ष निघून जाते.

म्हणून संगणकासमोर बसण्याआधी एक कोरा कागद घ्यावा आणि आपल्या विषयाचे तीन-चार भाग करून प्रत्येक भागाखाली त्याचे सगळे पर्यायी शब्द लिहावेत. तुमच्या बाबतीत पहिला भाग पदार्थाचा : सिल्व्हर नॅनोपार्टिकल, नॅनोसिल्व्हर, कोलॉइडल सिल्व्हर, सिल्व्हर सोल, नॅनोक्रिस्टल, आणि चांदीची रासायनिक संज्ञा जोडून केलेली संक्षिप्त रूपे. दुसरा भाग परिणामाचा : अँटिबॅक्टेरिअल, अँटिमायक्रोबिअल, बॅक्टेरिसायडल, डिसइन्फेक्शन. तिसरा भाग वापराचा : वॉटर ट्रीटमेंट, फिल्टर, मेम्ब्रेन, सिरॅमिक. एका भागातले शब्द ‘ऑर’ने जोडून कंसात ठेवायचे आणि हे कंस एकमेकांशी ‘अँड’ने जोडायचे. दोन शब्द शेजारीशेजारीच हवे असतील, तर त्यांना अवतरणचिन्हात घालायचे. चौथा भाग, म्हणजे कण बनवण्याची रीत किंवा त्यांचे मोजमाप, पहिल्या शोधात घालू नये. निकाल फार आले तरच तो जोडावा. एवढ्या तयारीला अर्धा दिवस लागतो, आणि तो घालवण्यासारखा आहे.

एक सापळा आधीच सांगून ठेवतो. बहुतेक डेटाबेसमध्ये शब्दाच्या मुळापुढे तारांकन दिले की त्या मुळापासून सुरू होणारे सगळे शब्द येतात. ‘नॅनो’पुढे तारांकन देण्याचा मोह प्रत्येकाला होतो, पण त्यामुळे नॅनोसेकंद, नॅनोग्रॅम, नॅनोमोल ही मोजमापाची एककेही येतात, समुद्रातल्या सूक्ष्म प्लवकांचे निबंध येतात, आणि सोडियम नायट्रेट व सोडियम नायट्राइट ही संयुगेही येतात, कारण रोमन लिपीत त्यांच्या सूत्रांची पहिली चार अक्षरे नेमकी तीच आहेत. नॅनोविषयक साहित्याची मोजणी करणारे अभ्यासक हे शब्द मुद्दाम वगळतात. तुम्ही तारांकन ‘नॅनोपार्टिकल’ या पूर्ण शब्दापुढे द्यावे, म्हणजे एकवचन व अनेकवचन दोन्ही येतील. ‘नॅनो’ व ‘पार्टिकल’ यांच्यामध्ये संयोगचिन्ह किंवा मोकळी जागा असलेले लेखनही वेगळे शोधावे.

कोठे शोधावे, याचे उत्तर विषयाच्या भागांवरूनच मिळते. सर्व शाखांचा एकत्रित आढावा घेण्यासाठी वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस हे डेटाबेस आहेत; तुमचे ग्रंथालय यांपैकी एखाद्याचे वर्गणीदार असण्याची शक्यता बरीच आहे. रसायनासाठी सायफाइंडर आहे, त्यात पदार्थाच्या नावाने, सूत्राने किंवा रेणूची रचना काढूनही शोधता येते. त्याच्या मुळाशी असलेली केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्स ही सारसूची १९०७ मध्ये सुरू झाली, त्यामुळे जुन्या कलिल-साहित्यासाठी तिला तोड नाही. भौतिकी व इलेक्ट्रॉनिक्ससाठी इन्स्पेक आहे. जीवाणूंवरील परिणामासाठी आणि चांदीच्या विषारीपणासाठी पबमेड पाहावे. ते सर्वांना विनामूल्य खुले आहे आणि त्यात ‘मेटल नॅनोपार्टिकल्स’ असे स्वतंत्र विषयशीर्षकही आहे. गूगल स्कॉलर पहिल्या दिवसाची चाचपणी करायला उत्तम; मात्र एका शोधाचे हजाराहून अधिक निकाल ते दाखवत नाही आणि तोच शोध पुन्हा केल्यास तेच निकाल मिळतील याची हमी नसते. त्यामुळे प्रबंधात ‘आम्ही साहित्याचा असा शोध घेतला’ हे लिहिताना केवळ त्याच्यावर विसंबू नये. त्याच्या सेटिंग्जमध्ये आपल्या विद्यापीठाचे ग्रंथालय निवडले की निकालांशेजारी ग्रंथालयातील पूर्ण मजकुराचा दुवा दिसू लागतो. ही सोय अनेकांना ठाऊक नसते.

पहिल्या महिन्यात समीक्षालेखच, म्हणजे एखाद्या विषयावरील आजवरच्या संशोधनाचा आढावा घेणारे लेखच, वाचावेत. डेटाबेसमध्ये ‘रिव्ह्यू’ हा गाळक लावला की हजारो नोंदींतून मोजके लेख उरतात. त्यांतला एक चांगला लेख निवडून दोन दिशांनी जावे : त्याच्या संदर्भसूचीतून मागे, आणि त्याचा पुढे कोणी आधार घेतला आहे ते पाहत आजच्या दिवसाकडे. ही दुसरी दिशा यूजीन गारफील्ड यांच्या सायन्स सायटेशन इंडेक्समुळे १९६४ पासून खुली झाली. शब्दांच्या जाळीतून निसटलेले निबंध या वाटेने हमखास सापडतात, कारण येथे शब्द जुळण्याची गरजच नसते. एका संशोधकाने दुसऱ्याचे काम वाचले आहे, एवढेच पुरते.

शोधाची प्रत्येक ओळ, तारीख, डेटाबेसचे नाव आणि आलेल्या निकालांची संख्या एका वहीत लिहून ठेवावी. आणि संदर्भ ग्रंथपालांना आजच भेटावे. अडल्यावर भेटू असे म्हणू नये. संदर्भ विभागात काम करताना मी पुष्कळदा पाहिले आहे, की विद्यार्थी तिसऱ्या वर्षी येतात आणि पहिल्या वर्षी विचारायचे प्रश्न विचारतात. जाताना शब्दांचा तो कागद बरोबर न्यावा. ‘नॅनोवर काही आहे का’ या प्रश्नाला ग्रंथपाल फारसे उपयोगी उत्तर देऊ शकत नाहीत. कागद पाहून मात्र ते तुम्हाला न सुचलेले शब्द आणि तुम्हाला माहीत नसलेले डेटाबेस सांगतील.

प्रश्न : मला हव्या असलेल्या निबंधांपैकी निम्मे तरी पैसे मागतात. आमच्या ग्रंथालयाकडे त्या नियतकालिकांची वर्गणी नाही असे दिसते. सारांश वाचून काम भागवावे का? – एक प्राध्यापक

उत्तर : सारांशावर काम भागवू नये, विशेषतः या विषयात. कणांचा आकार कसा मोजला, द्रावणाची आम्लता किती होती, कणांवर कोणता लेप होता, हे सारांशात क्वचितच असते, आणि निष्कर्षाची किंमत त्यावरच ठरते. अनेकदा ते मूळ निबंधातही नसते. ते पूरक माहितीच्या स्वतंत्र फाइलमध्ये असते. प्रकाशकाच्या पानावर ही फाइल पुष्कळदा विनामूल्य असते, तीही उतरवून घ्यावी.

‘वर्गणी नाही’ असे ठरवण्याआधी आपण घरून पाहत होता की विद्यापीठाच्या आवारातून, हे तपासावे. प्रकाशकाचे संकेतस्थळ आपल्याला संगणकाच्या पत्त्यावरून ओळखते. घरून पाहताना ग्रंथालयाच्या दूरप्रवेशातून लॉगिन केले नसेल, तर वर्गणी असूनही ते पैसे मागते. खात्री करण्यासाठी ग्रंथालयाच्या ई-नियतकालिकांच्या यादीत नियतकालिकाचे नाव शोधावे आणि वर्गणी कोणत्या वर्षापासून आहे हेही पाहावे. नॅनोतंत्रज्ञानाची बहुतेक नियतकालिके तशी तरुण आहेत : ‘नॅनोटेक्नॉलॉजी’ १९९० मध्ये, ‘नॅनो लेटर्स’ २००१ मध्ये, ‘नेचर नॅनोटेक्नॉलॉजी’ २००६ मध्ये आणि ‘एसीएस नॅनो’ २००७ मध्ये सुरू झाले. जुने अंक मात्र कधीकधी वेगळ्या संग्रहात असतात.

खरोखरच वर्गणी नसेल, तर कायदेशीर मार्ग कमी नाहीत. अनपेवॉल हे ब्राउझरमध्ये बसवण्याचे साधन निबंधाची खुली प्रत कोठे असल्यास दाखवते. भौतिकीतील लेखक आपल्या निबंधाची पूर्वप्रत अर्काइव्ह (arXiv) या खुल्या संकेतस्थळावर ठेवतात. तेथे सूक्ष्म व नॅनो पातळीवरील भौतिकीचा स्वतंत्र विभाग आहे. रसायनाच्या पूर्वप्रती केमअर्काइव्हवर मिळतात. पूर्वप्रत ही तज्ज्ञांच्या परीक्षणाआधीची असू शकते, म्हणून उद्धृत करताना छापील निबंधाशी ताडून पाहावी. ‘बाइलस्टाइन जर्नल ऑफ नॅनोटेक्नॉलॉजी’ हे २०१० पासूनचे नियतकालिक पूर्णपणे खुले आहे, आणि त्यात वाचकालाही पैसे पडत नाहीत व लेखकालाही पडत नाहीत. अशी नियतकालिके आणखी व्हायला हवीत, असे मला मनापासून वाटते. एवढे करूनही निबंध मिळाला नाही, तर आंतरग्रंथालयीन देवघेवीचा अर्ज भरावा. दुसऱ्या ग्रंथालयाकडून प्रत मागवून देणे ही ग्रंथालयाची नेहमीची सेवा आहे, तिच्यात उपकार काही नाही. तरीही प्राध्यापकसुद्धा ती मागायला संकोचतात. शेवटी, पत्रव्यवहारासाठी नाव दिलेल्या लेखकाला दोन ओळींचे विनम्र पत्र लिहावे. बहुतेक लेखकांना आपला निबंध कोणी वाचू इच्छितो याचा आनंदच होतो.

प्रश्न : मी झिंक ऑक्साइडचे नॅनोकण बनवले आहेत. एक्सआरडीचा (क्ष-किरण विवर्तनाचा) आलेख ‘जेसीपीडीएस कार्ड’शी जुळवायला सांगितले आहे. हे कार्ड ग्रंथालयात मिळते का? – एम.एस्सी.चा विद्यार्थी

उत्तर : ‘जेसीपीडीएस’ हे नाव आता केवळ सवयीने चालते. ती संस्था १९७८ पासून इंटरनॅशनल सेंटर फॉर डिफ्रॅक्शन डेटा, म्हणजे आयसीडीडी, या नावाने ओळखली जाते आणि पदार्थांच्या विवर्तन-नोंदींचा तिचा संग्रह पावडर डिफ्रॅक्शन फाइल या नावाचा आहे. पूर्वी ही खरोखरच कार्डे असत. आता हा परवान्याने मिळणारा डेटाबेस आहे. तो ग्रंथालयापेक्षा एक्सआरडी यंत्राच्या संगणकावर असण्याची शक्यता अधिक, म्हणून आधी प्रयोगशाळेत विचारावे आणि मग ग्रंथालयात. झिंक ऑक्साइडच्या षट्कोनी वुर्टझाइट स्फटिकरचनेसाठी निबंधांत सामान्यतः ३६-१४५१ या क्रमांकाच्या कार्डाचा उल्लेख असतो. दुसऱ्याच्या निबंधातून हा क्रमांक उचलून आपल्या आलेखाखाली लिहू नये. नोंद स्वतः उघडून शिखरांची स्थाने आणि तीव्रता स्वतः ताडून पाहावीत. परवाना नसेल, तर क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेस विनामूल्य आहे. त्यातली रचना घेऊन विवर्तनाचा आलेख गणिताने काढता येतो, आणि मग संदर्भ म्हणून त्या नोंदीचा क्रमांक द्यावा.

प्रश्न : आमच्या गटाला एका लेपाचे पेटंट घ्यायचे आहे. निबंध पुष्कळ वाचले. पेटंटे व मानके ग्रंथालयातून पाहता येतात का? – एक संशोधक

उत्तर : पेटंटे पाहण्यासाठी वर्गणीही लागत नाही. युरोपीय पेटंट कार्यालयाचे एस्पेसनेट आणि जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचे पेटंटस्कोप हे दोन्ही खुले आहेत. पेटंटांची भाषा मुद्दाम व्यापक ठेवलेली असते, म्हणून येथे शब्दांपेक्षा वर्गीकरणाचा आधार घ्यावा. नॅनोतंत्रज्ञानासाठी ‘बी ८२ वाय’ हा वर्ग आहे. त्यातला ५/०० हा उपवर्ग नॅनोवैद्यक व नॅनोजैवतंत्रज्ञानाचा, ३०/०० हा पदार्थ व पृष्ठभागांचा आणि ४०/०० हा निर्मितीच्या पद्धतींचा आहे. तुमचा लेप ३०/०० मध्ये येईल. मात्र हा वर्ग मुख्य वर्गाच्या जोडीने दिला जातो, त्यामुळे लेपाच्या आपल्या मूळ वर्गासह तो एकत्र शोधावा. अर्ज सामान्यतः पहिल्या दाखल तारखेनंतर १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. तेव्हा गेल्या दीड वर्षातले अर्ज कोणालाच दिसत नाहीत हे ध्यानात ठेवावे, आणि स्वतःचा अर्ज दाखल होईपर्यंत आपला निबंध प्रसिद्ध करण्याची घाई करू नये. निबंध आधी आला तर अनेक देशांत नावीन्याचा दावाच जातो. या कामी पेटंटतज्ज्ञाचा सल्ला आवश्यक आहे; ग्रंथालय त्याची जागा घेऊ शकत नाही.

मानकांचे काम आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या २००५ मध्ये स्थापन झालेल्या २२९ क्रमांकाच्या तांत्रिक समितीकडे आहे. ‘नॅनो पातळी’ म्हणजे सुमारे १ ते १०० नॅनोमीटर, ही व्याख्या तिच्याच मानकांतली. मानकाचा पूर्ण मजकूर सहसा विकत घ्यावा लागतो, म्हणून ग्रंथालयाकडे त्याचा परवाना आहे का ते विचारावे. संज्ञा आणि व्याख्या मात्र संघटनेच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात.

प्रश्न : संवाद साधणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने मला ग्राफीनवरील वीस संदर्भ दिले. त्यांतले काही ग्रंथालयात सापडतच नाहीत. – एक विद्यार्थी

उत्तर : ते बहुधा अस्तित्वातच नसावेत. अशी साधने खऱ्या लेखकांची नावे, खरी नियतकालिके आणि पटण्याजोगे शीर्षक एकत्र करून न लिहिलेला निबंध उभा करू शकतात. शोधासाठी पर्यायी शब्द सुचवून घ्यायला त्यांचा उपयोग जरूर करावा. संदर्भ मात्र प्रत्येक वेळी डीओआय क्रमांकावरून, म्हणजे निबंधाच्या कायमच्या ऑनलाइन ओळखक्रमांकावरून, उघडून पाहावा. जो उघडून वाचला नाही, तो यादीत घालू नये.

खरा असलेला निबंधही नंतर मागे घेतलेला असू शकतो. बेल लॅबोरेटरीजमधील रेणूंच्या ट्रान्झिस्टरविषयीचे गाजलेले संशोधन २००२ च्या चौकशीत बनावट ठरले; ‘सायन्स’ने त्याच वर्षी ८ निबंध मागे घेतले आणि ‘नेचर’ने २००३ मध्ये ७. डेटाबेसमधल्या नोंदीवर अशी सूचना दिसते, पण तुम्ही आधी उतरवून ठेवलेल्या पीडीएफवर ती उमटत नाही. झोटेरो या विनामूल्य साधनात संदर्भ साठवले, तर मागे घेतलेल्या निबंधावर ते स्वतःहून खूण करते. प्रबंध सादर करण्याआधीच्या आठवड्यात संपूर्ण यादी त्यातून एकदा पुन्हा तपासून घ्यावी.